बांधाआडच्या घरांचा नकाशा

२२ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे फेमाने, एक परिपत्रक काढले. क्रमांक ३४. विषय रुक्ष होता: पूरनकाशे काढताना नदीकाठच्या तटबंधांचे काय करायचे? त्याचा गाभा असा, की अमुक तटबंध पुरात टिकेल असे नकाशावर दाखवायचे असेल, तर ते सिद्ध करणारी कागदपत्रे बांधाच्या मालकाने किंवा गावाने आणून द्यावीत. ती नसतील तर बांधाच्या भरवशावर कोणाचेही घर सुरक्षित दाखवले जाणार नाही.

बरोबर सात दिवसांनी, २९ ऑगस्टला, कॅटरिना चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. काही बांधांवरून पाणी वाहिले, काही वाहून गेले. पण शहराच्या मध्यात पाणी घुसले ते सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन अव्हेन्यू या कालव्यांच्या भिंती कोसळल्यामुळे, आणि तिथे पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोहोचलेलेही नव्हते. एका ठिकाणी पायाखालची मऊ चिकणमाती सरकली, दुसऱ्या ठिकाणी पायाखालच्या वाळूतून पाण्याने वाट काढली. भिंतीची उंची पुरेशी होती, पाय कच्चा होता.

ते परिपत्रक कॅटरिनामुळे निघाले नव्हते. त्या काळात अमेरिकेचे जुने कागदी पूरनकाशे संगणकावर आणायचे काम चालू होते आणि त्या कामात एक अवघड प्रश्न वर आला होता. देशभर हजारो मैलांचे तटबंध. त्यांतले कितीतरी शेतकऱ्यांनी स्वतः उभारलेले, कितीतरी शंभर वर्षांचे, आणि जुन्या नकाशांवर त्यांच्या आतली जमीन ‘सुरक्षित’ दाखवलेली. ती कशाच्या आधारावर? पुष्कळ ठिकाणी या प्रश्नाला कागदोपत्री उत्तरच नव्हते.

हे सगळे समजायला आधी नकाशा कशासाठी आहे ते पाहिले पाहिजे. १९६८ साली अमेरिकेने राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू केली. घराच्या साध्या विम्यात तिथे पुराचे नुकसान धरत नाहीत. खासगी कंपन्या या धंद्यातून कधीच बाहेर पडल्या होत्या, म्हणून सरकारला उतरावे लागले. कोणाला विमा कितीला द्यायचा हे ठरवायला नकाशा हवा, आणि नकाशावर कुठेतरी रेघ हवी. ती रेघ ओढली गेली दरवर्षी १ टक्का शक्यता असलेल्या पुराच्या पाण्यापर्यंत. रेघेच्या आत ए किंवा एई झोन, म्हणजे विशेष पूरधोक्याचा प्रदेश. १९७३ च्या कायद्याने त्यात आणखी एक कडी जोडली: रेघेच्या आत घर असेल आणि त्यावर सरकारी छत्राखालच्या बँकेचे कर्ज असेल, तर पूरविमा सक्तीचा. रेघेबाहेर सक्ती नाही.

हा १ टक्का शक्यतेचा पूर आपल्याकडे ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा’ म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो: साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदाची लाल. अमेरिकेची रेघ आणि आपली लाल रेषा यांचे गणित एकाच जातीचे. फरक वापरात आहे. आपली रेषा बांधकाम कुठे करू नये हे सांगते, त्यांची मुख्यतः विमा कोणी घ्यायचा हे सांगते. पण दोन्हीकडे लोकांचा एकच समज होतो, की एकदा मोठा पूर येऊन गेला म्हणजे आता शंभर वर्षे चिंता नाही. सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत पाहिले आहेत. त्यांना हे वेगळे सांगायला नको. दरवर्षी १ टक्का म्हणजे तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. चारातला एक.

आता या नदीकाठाला बांध आहे असे समजा. बांध टिकला तर आतली जमीन कोरडी. फुटला तर खोल पाण्याखाली. मग तिला ए झोनमध्ये घालायचे की नाही? याचे उत्तर अमेरिकेच्या केंद्रीय नियमावलीतल्या एका कलमात आहे. शीर्षक ४४, कलम ६५.१०. हे कलम १९८६ पासून लागू आहे, आणि तटबंधांच्या जगात ‘पासष्ट दहा’ एवढे म्हटले तरी पुरते.

कलम वाचायला कंटाळवाणे आहे, पण त्यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या फुटलेल्या बांधातून आलेली वाटते. बांधाचा माथा १ टक्का पुराच्या पातळीपेक्षा निदान ३ फूट उंच हवा. हे वरचे अंतर म्हणजे फ्रीबोर्ड: लाटांसाठी, वाहून येणाऱ्या ओंडक्यांसाठी आणि हिशेबातल्या चुकांसाठी ठेवलेली जागा. पुलासारख्या ठिकाणी, जिथे नदीचा प्रवाह आवळला जातो, तिथे दोन्ही बाजूंना शंभर फुटांपर्यंत आणखी १ फूट. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या बांधाच्या टोकाला आणखी अर्धा फूट. विशेष अभ्यास करून यातून सवलत मागता येते, पण २ फुटांच्या खाली काही झाले तरी नाही.

उंची हा त्यातला सोपा भाग. पुढे विचारले आहे: रस्ता किंवा रेल्वे बांधातून जाते तिथे दरवाजे आहेत का, आणि ते बांधाचाच भाग म्हणून नीट बांधले आहेत का? पाण्याच्या वेगाने बांधाचा उतार खरवडला जाईल का? पाया आणि भराव स्थिर राहतील का? माती खचत जाऊन बांध किती बसेल? बांधाच्या आत पडलेला पाऊस बाहेर कसा काढणार? पुराचा इशारा मिळाल्यावर कोणता दरवाजा कोणी, किती वेळात बंद करायचा याची योजना लिहिलेली आहे का? देखभाल कोण करणार?

यातला पाझराचा प्रश्न सर्वांत फसवा. पूर आला की नदीची पातळी बांधाआडच्या जमिनीपेक्षा दहा-पंधरा फूट वर जाते. बांध चिकणमातीचा असला तरी त्याच्या खाली जुन्या नदीपात्राची वाळू असते, आणि त्या वाळूतून पाणी दाबाने आत येऊ पाहते. बांधाच्या पायथ्याशी, कोरड्या बाजूला, शेतात एखादा झरा फुटल्यासारखे पाणी वर येते. ते स्वच्छ असेल तर तितकी काळजी नसते. पण त्याच्याबरोबर वाळू येऊ लागली आणि तोंडाशी ज्वालामुखीसारखा छोटा शंकू तयार होऊ लागला, की समजावे बांधाखालची माती आतून पोखरली जात आहे. रात्री विजेऱ्या घेऊन बांधावर फिरणारी माणसे नेमके हेच शोधत असतात. सापडले की भोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचतात. झरा बुजवत नाहीत, कारण बुजवला तर तो दुसरीकडे फुटेल. कड्याच्या आत पाणी साठू देतात, साठलेल्या पाण्याचा उलटा दाब पडला की वाळू येणे थांबते. गढूळ पाणी स्वच्छ होईपर्यंत कडे उंच करत जायचे. हे ज्ञान पुस्तकापेक्षा मिसिसिपीच्या काठावर अधिक पक्के झालेले आहे.

या सगळ्या अटी बांध पूर्ण करतो असा दाखला नोंदणीकृत अभियंत्याने किंवा लष्कराच्या अभियंता दलासारख्या केंद्रीय संस्थेने द्यायचा. फेमा बांध बांधत नाही, त्याची मालक नाही, स्वतः जाऊन तपासतही नाही. आलेली कागदपत्रे कलमाप्रमाणे पुरेशी आहेत की नाहीत एवढेच ती पाहते आणि असतील तर मान्यता देते. मान्यता मिळाली की बांधाआडची जमीन ए झोनमधून बाहेर पडून एक्स झोनमध्ये जाते. विम्याची सक्ती उठते. घरे बांधताना जोते पुराच्या पातळीवर उचलायची अट उरत नाही. जमिनीचा भाव चढतो.

आणि त्याच नियमावलीत, दाखल्याची व्याख्या करताना, हा दाखला म्हणजे बांध टिकेलच अशी हमी नव्हे असे स्वच्छ लिहिलेले आहे. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ते आहे, आणि घर घेणाऱ्यापर्यंत ते सहसा पोहोचत नाही. त्याला एवढेच कळते की विमा लागत नाही. विमा लागत नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ तो लावतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? सरकारी नकाशानेच त्याला तसे सुचवलेले असते.

कॅलिफोर्नियातले सॅक्रामेंटो हे याचे ठळक उदाहरण. सॅक्रामेंटो आणि अमेरिकन या दोन नद्यांच्या संगमाजवळ नेटोमास नावाचे खोरे आहे. शहराचा विमानतळही त्यातच. चारही बाजूंनी बांध, मिळून सुमारे ४२ मैल. हे बांध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणथळ जमीन शेतीखाली आणण्यासाठी उभारले गेले. त्याआधी डोंगरात सोने काढण्यासाठी पाण्याचे जोरदार फवारे मारून टेकड्याच्या टेकड्या खाली आणल्या होत्या; तो गाळ नद्यांमध्ये साठून पात्रे उथळ झाली होती. तेव्हाच्या अभियंत्यांनी विचार केला, की बांध पात्राच्या अगदी जवळ बांधले तर आवळलेले पाणी वेगाने वाहील आणि गाळ धुऊन नेईल. तसे झालेही. गाळ गेला, पण वेगवान पाणी बांधांच्या पायाशी कायमचे चिकटले. शिवाय बांध रचले होते नदीतूनच उपसलेल्या वाळूमातीने.

१९८६ च्या फेब्रुवारीतल्या पुरात नेटोमासचा बांध कसाबसा वाचला. त्यानंतर स्थानिक पूरनियंत्रण संस्था स्थापन झाली, बांध उंच आणि मजबूत केले गेले, आणि १९९८ मध्ये ते १ टक्का पुरासाठी प्रमाणित ठरले. मग जे व्हायचे तेच झाले. भातशेतीच्या जागी वसाहती, शाळा, दुकानांचे संकुल. पुढच्या दहा वर्षांत हजारो घरे उठली, बहुतेक तळमजल्यावरच राहण्याची, कारण नकाशा म्हणत होता की इथे पुराची अट नाही. दरम्यान अभियंते बांधाखालच्या पाझराकडे नव्या, कडक निकषांनी पाहू लागले होते. २००६ मध्ये लष्कराच्या अभियंता दलाने कळवले, की नेटोमासचे बांध १ टक्का पुरासाठी पुरेसे आहेत या आपल्या जुन्या मताच्या पाठीशी आता उभे राहता येत नाही. ८ डिसेंबर २००८ रोजी नवा नकाशा लागू झाला आणि संपूर्ण खोरे एई झोनमध्ये गेले. बांध फुटल्यास काही भागांत पाणी वीस फुटांपर्यंत चढेल, म्हणजे नवे घर बांधायचे तर तेवढ्या उंचीवर बांधावे लागणार. बांधकाम व्यवहारात बंदच पडले, आणि जवळजवळ साडेसहा वर्षे बंद राहिले. २०१५ मध्ये, बांधांच्या दुरुस्तीला केंद्राची मंजुरी आणि पैसा मिळून काम बऱ्यापैकी पुढे गेल्यावर, नकाशात सवलतीचा झोन मिळाला आणि मर्यादित बांधकाम सुरू झाले. दुरुस्तीचा मोठा भाग जमिनीखालचा आहे: बांधाच्या मधोमध खोल चर खणून, काही ठिकाणी शंभर फुटांच्या आसपास, त्यात माती आणि बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचे मिश्रण भरून पाण्याला अडवणारी भिंत केली जाते. झाल्यावर वरून काहीच दिसत नाही.

या कहाणीत १९९८ आणि २००८ या दोन तारखांच्या मधल्या दहा वर्षांत बांध बदलला नव्हता. बांधाखालची वाळूही तीच होती. बदलले ते आपले ज्ञान. पण त्या दहा वर्षांत घरे उभी राहिली ती मात्र उचलून नेता येत नाहीत. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिले होते, की पूर अडवणारे बांधकाम झाले की त्याच्या आडोशाला वस्ती वाढते, आणि मग कधीतरी ते अपुरे पडले की नुकसान पूर्वीपेक्षा मोठे होते. नेटोमासमध्ये आज एक लाखाच्या आसपास लोक राहतात. कॅलिफोर्नियाने निदान एक धडा घेतला: २००७ च्या कायद्याने तिथल्या मध्य खोऱ्यातल्या शहरी वस्त्यांसाठी शंभर नव्हे, दोनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा निकष ठरवला. त्यामागे न्यायालयाचा धाकही होता. १९८६ च्याच पुरात लिंडा गावाजवळ युबा नदीचा बांध फुटला होता. तो बांध राज्याने बांधलेला नव्हता, पण राज्याच्या पूरव्यवस्थेचा भाग होता, म्हणून २००३ मध्ये न्यायालयाने राज्याला जबाबदार धरले. पुढे ४६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली.

मान्यता काढून घेतली की काय होते, हे सेंट लुइस शहरासमोर, मिसिसिपीच्या पूर्व काठावर, इलिनॉयमध्येही दिसले. १९९३ च्या महापुरात तिथले मुख्य बांध टिकले होते. तरी २००७ मध्ये फेमाने सांगितले, की कागदपत्रांअभावी या बांधांना मान्यता देता येणार नाही. दीड लाखाच्या आसपास वस्ती, शिवाय कारखाने. लोक संतापले, आणि त्यांचा संताप मला समजतो: शतकातला सर्वांत मोठा पूर थोपवून धरणाऱ्या बांधाला तुम्ही ‘नाही’ समजता? पण बांध टिकला तेव्हाही त्याच्या पायथ्याशी वाळूचे झरे फुटले होते, आणि एकदा पोखरलेला पाया पुढच्या पुरात अधिक कच्चा असतो. तिथल्या तीन परगण्यांनी शेवटी जे केले ते अनुकरणीय आहे. केंद्राच्या पैशाची वाट पाहत न बसता २००९ पासून स्वतःच्या विक्रीकरात पाव टक्क्याची वाढ केली आणि त्या पैशातून बांधांचे काम हाती घेतले.

तरीही एक आक्षेप खरा होता. मान्यता नसलेला बांध म्हणजे नकाशावर बांधच नाही, असे धरून हिशेब होत असे. अडीच फूट फ्रीबोर्ड असलेला दणकट बांध आणि ढासळलेला शेतबांध, दोघांनाही एकच माप. २०११ मध्ये सत्तावीस सिनेटरांनी मिळून फेमाला पत्र लिहिले, तेव्हा संस्थेने ही पद्धत थांबवली आणि २०१३ मध्ये नवी आणली. आता बांधाचे तुकडे पाडून पाहतात: हा भाग भक्कम आहे पण फ्रीबोर्ड कमी, याच्यावरून पाणी वाहील पण तो तुटणार नाही, हा फुटू शकतो म्हणून इथे इथे फुटला तर पाणी कुठवर जाईल, आणि हा शेवटचा भाग धरायलाच नको. प्रत्येकासाठी वेगळा हिशेब. काम अधिक, खर्च अधिक, पण जमिनीवर जे आहे त्याच्या पुष्कळ जवळ.

न्यू ऑर्लिन्सभोवती कॅटरिनानंतर सुमारे १४.५ अब्ज डॉलर खर्चून नवी यंत्रणा उभी राहिली आणि २०१४ मध्ये तिला फेमाची मान्यता मिळाली. पाचच वर्षांनी अभियंता दलाने जाहीर केले, की मऊ जमिनीत बांध खचत आहेत आणि समुद्र वर येत आहे, त्यामुळे ते वेळोवेळी उंच केले नाहीत तर लवकरच मान्यतेच्या पातळीखाली जातील. कलमातला खचण्याचा मुद्दा तिथे दरवर्षी इंचाइंचाने खरा होतो आहे.

आतल्या पावसाचा मुद्दा टेक्सासमध्ये पटला. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला, शुगरलँड आणि मिसूरी सिटीच्या परिसरात, जिथे मराठी घरेही पुष्कळ आहेत, बऱ्याच वसाहती ब्राझोस नदीलगतच्या तटबंधांच्या आत वसल्या आहेत. घरपट्टीच्या बिलात बांध-जिल्ह्याचा वेगळा कर येतो. ऑगस्ट २०१७ मधल्या हार्वी वादळाने ब्राझोसला रिचमंडजवळ ५५ फुटांपर्यंत चढवले, आजवरची सर्वोच्च पातळी. बांधांच्या आत राहणाऱ्यांना घरे सोडायला सांगण्यात आले. बांध टिकले. पण नदी एवढी चढल्यावर निचऱ्याचे दरवाजे बंद ठेवावे लागतात, आणि आत कोसळणारा पाऊस बाहेर टाकायची सगळी भिस्त पंपांवर येते. काही वसाहतींमध्ये ते पुरे पडले नाहीत आणि घरात आलेले पाणी नदीचे नव्हते, त्याच वसाहतीवर पडलेल्या पावसाचे होते. बांध पाणी जसे बाहेर ठेवतो, तसेच आतही ठेवतो.

ऑक्टोबर २०२१ पासून पूरविम्याचा हप्ता ठरवण्याची पद्धत बदलली आहे. आता झोनच्या अक्षरावर हप्ता ठरत नाही. नदीपासूनचे अंतर, जोत्याची उंची, घर पुन्हा बांधायचा खर्च, आणि मान्यता असो वा नसो, बांधामुळे प्रत्यक्षात किती धोका कमी होतो, हे सगळे धरले जाते. रेघेच्या एका बाजूला भरमसाठ आणि दुसऱ्या बाजूला नाममात्र, ही जुनी विसंगती त्यामुळे कमी होईल. पण सक्ती अजून रेघेवरच ठरते, आणि म्हणून मान्यताप्राप्त बांधाआडचे बहुतेक लोक अजून विम्याविनाच आहेत.

अमेरिकेत सुमारे २४ हजार मैल तटबंध नोंदले गेले आहेत आणि त्यांच्या आड १ कोटी ७० लाखांवर लोक राहतात. अभियंता दलाचा राष्ट्रीय तटबंध कोश सर्वांना खुला आहे. त्यात पत्ता टाकला की घर कोणत्या बांधाआड आहे, त्या बांधाला मान्यता आहे का आणि पुष्कळ बांधांच्या बाबतीत तपासणीत धोका किती ठरला आहे, हे दिसते. तिथे घर घेऊ पाहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी नकाशातला झोन पाहून न थांबता ही पाने उघडावीत, बांधाच्या संस्थेच्या बैठकीचे इतिवृत्त मागावे, निचऱ्याचे पंप किती आणि वीज गेली तर ते कशावर चालतात हे विचारावे. आणि विमा घ्यायचा तर वेळेत घ्यावा: सरकारी पूरविमा साधारणपणे घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होतो, आणि वादळाची बातमी फार तर आठवडाभर आधी येते.